पालथा दगड

रविवारी दुपारी कोलशेतच्या खाडीकाठी, नव्याने रंगवलेल्या एका जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यात मी चीजचा एक तुकडा तोंडात टाकला. आज बुधवार. तो तुकडा अजून घशाखाली उतरलेला नाही असंच वाटतं. दात किती वेळा घासले, लवंग चघळली, मीठ लावून आल्याचा तुकडा चोखला. पण सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला की तीच आंबूस, चिकट चव टाळूवर येते आणि कप तसाच खाली ठेवावा लागतो.

बेत मधुराचा होता. मधुरा आणि मी कल्याणला एका शाळेत, एका बाकावर वाढलो. आता ती घोडबंदर रोडला एकतिसाव्या मजल्यावर राहते आणि मी माजिवड्याला, जिथे खिडकी उघडली की पडद्यावर काळी पूड बसते. आमच्याच वर्गातला शिरीष बरीच वर्षं परदेशात काढून परत आलाय. परत आल्यापासून त्याला इथलं सगळं एकतर 'सो क्यूट' वाटतं, नाहीतर 'सो सॅड'.

"अगं, जन्म गेला इथे आणि आपण काहीच पाहिलेलं नाही," मधुरा फोनवर म्हणाली. "शनिवारी किल्ला, मग आपलं कल्याण, रविवारी वाइन टेस्टिंग. एक मुलगा सगळं अरेंज करतो. 'साहेबाच्या पाऊलखुणा' असं नाव आहे टूरचं. मी तिघांचं बुकिंग करून टाकलंय. नाही म्हणू नकोस हं."

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला जे काही लागतं ते माझ्यात लहानपणापासून कमीच.

शनिवारी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून बस सरकत सरकत किल्ल्यापाशी पोचली तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. टूर नेणारा तन्मय पंचविशीतला, उत्साही, सतत हसणारा. त्याने बसमध्येच सगळ्यांना साहेबी हॅट वाटल्या. दिसायला जुन्या फोटोंतल्यासारख्या, हाताला प्लास्टिकच्या. आम्ही चौदा जण, बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे, त्या हॅट घालून पोर्तुगिजांच्या बुरुजावर उभे राहिलो आणि एकमेकांना 'युवर एक्सलन्सी' म्हणत फोटो काढले. शिरीषने सेल्फी स्टिक छडीसारखी काखेत धरली आणि खालच्या खाडीकडे बोट दाखवून कुणाला तरी फटके द्यायचा हुकूम सोडला. सगळे हसले. माझी हॅट आतून ओली होती. आदल्या टूरमधल्या कुणाचा तरी घाम. तो गार, ओला पट्टा माझ्या कपाळाला टेकला. मी हॅट काढून हातात घेतली.

"घाल ना गं, ग्रुप फोटो आहे," मधुरा म्हणाली.

मी घातली.

दुपारी बस कल्याणला आली. रेल्वे कॉलनीत. मी तिथे वाढले हे तन्मयला सांगायचं मी मुद्दाम टाळलं होतं, पण मधुराने सांगून टाकलंच. मग त्याने माइकवर जाहीर केलं की आज आपल्यात एक 'ओरिजिनल' आहे, आणि सगळी डोकी माझ्याकडे वळली.

आमचं क्वार्टर शेवटच्या ओळीत होतं. तिथे आता क्वार्टर्स नाहीत. जमीन सपाट केलेली, वर काँग्रेस गवत, मधेच कुणाच्या तरी मोरीचा लाल कोबा उघडा पडलेला. मागची भिंत मात्र अजून अर्धीमुर्धी उभी आहे, आणि भिंतीपलीकडे इंग्रजांची जुनी दफनभूमी. आम्ही तिला 'गोऱ्यांचं' म्हणायचो. बॉल गोऱ्यांच्यात गेला. म्हैस गोऱ्यांच्यात शिरली. गोऱ्यांच्यातली चिंच आंबट आहे. गोऱ्यांचं काय, हा शब्द कुणी पुरा करत नसे.

भिंतीच्या खिंडारातून आम्ही एकेक करून आत गेलो. आत काही नव्हतं. म्हणजे झाडं होती, गुटख्याच्या पुड्या होत्या, फुटलेल्या बाटल्या होत्या, कुणीतरी नुकतंच उरकलेलं होतं त्याचा वास होता. थडग्यांच्या जागी विटांचे नुसते चौकोन उरले होते, खाटेवरची गादी कुणी ओढून न्यावी तसे. एकावरही दगड नव्हता.

"अरे, माझा मेजर कुठे गेला?" शिरीष हसत ओरडला.

"व्हाइब फील करा, व्हाइब," तन्मय म्हणाला.

आमच्यातल्या एका बाईंनी हॅट छातीवर धरली आणि त्यातल्या एका रिकाम्या चौकोनात त्या डोळे मिटून आडव्या झाल्या. त्यांचे यजमान रील काढत होते. "जीभ बाहेर काढ, जीभ," ते सांगत होते. मी भिंतीशी जाऊन उभी राहिले आणि नाकाला पदर लावला. वासाचं निमित्त होतं.

श्रावणात तिथे कमरेएवढं गवत माजायचं. त्यात पाय टाकला की गोगलगाई पायाखाली कचकन फुटायच्या आणि आम्ही किंचाळायचो. ओल्या दगडाला एक वास असतो, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा काहीसा, पण गार. तो वास त्या भिंतीवरून आमच्या स्वयंपाकघरात यायचा आणि आईच्या फोडणीत मिसळायचा. दिवाळीच्या सुमारास गवत वाळून सोनेरी व्हायचं, घाणेरीची फुलं उमलायची, आणि यार्डातल्या इंजिनांचा धूर सकाळच्या थंडीत जमिनीलगत तरंगत राहायचा. मग एल्सीमावशी हातात बादली घेऊन आमच्या दारात उभी राहायची.

एल्सीमावशी आमच्या ओळीतच राहायची. वसईकडची, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नवरा मालगाडीवर गार्ड, महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. मूल नव्हतं. फुलाफुलांचा फ्रॉक, केसांचा घट्ट अंबाडा, आणि बोलायची ती मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा गोड मराठी. गोऱ्यांचं साफ ठेवायचं काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांचा मृतांचा दिवस असतो, त्याच्या आधी आठवडाभर ती आम्हा पोरांना घेऊन आत जायची. रिठ्याचं पाणी, नारळाच्या काथ्याचा ब्रश, जुनी बनियनं. प्रत्येकाला एकेक दगड वाटून दिलेला. मधुरा-शिरीष गावातून खेळायला यायचे, त्यांनाही. शिरीषच्या वाट्याला कुणी मेजर आला होता. मधुराकडे एक इंजिन ड्रायव्हर. माझा दगड सगळ्यांत लहान, पाटाएवढा, पांढराशुभ्र. एडिथ. वय अकरा महिने, चार दिवस.

मावशी तिला इडी म्हणायची. मी दगड घासताना मोठ्याने बोलले की ओठांवर बोट ठेवायची.

"हळू गो बाय. पोर निजलंय."

मग मी श्वाससुद्धा हळू घ्यायचे. अक्षरांच्या खाचांत माती बसलेली असायची. ती मी खराट्याच्या काडीने काढायचे, आधी इ, मग पुढचं डी. मला इंग्रजी यायच्या आधी ती अक्षरं यायला लागली. सगळं धुऊन झालं की आम्ही झेंडूची फुलं ठेवायचो, कारण दुसरी फुलं त्या दिवसांत नसत. गोऱ्या साहेबाच्या छातीवर दसऱ्याचे उरलेले झेंडू. मावशी गुडघे टेकून काहीतरी पुटपुटायची आणि आम्हीही हात जोडायचो.

त्याच सुमारास तिची वाइन लागायची. काळी द्राक्षं, मनुका, साखर, मूठभर गहू, दालचिनी. सगळं एका तपकिरी भरणीत, तोंडाला फडकं बांधून, खाटेखाली. रोज संध्याकाळी ती लाकडी पळीने ढवळायची. फडकं सुटलं की खोलीभर असा काही वास उठायचा की डोळे आपोआप मिटायचे. गोड, आंबट, जरासा कुजका, आणि आत कुठेतरी ऊब. मी भरणीला कान लावून बसायचे. आतून बारीक बुडबुड ऐकू यायची.

"बोलते गो ती," मावशी म्हणायची. "आयकून घे. मंग गप होईल."

नाताळच्या सकाळी आम्हा पोरांना तिच्या घरी एकेक चमचा मिळायचा. चमचाच, जास्त नाही. आई बजावायची, त्यांच्याकडचं काही प्यायचं नाही. मी प्यायचे आणि घरी येण्याआधी पेरूची पानं चघळायचे. आईला जांभळी जीभ दिसत असणारच. ती काही बोलायची नाही. एवढी एकच गोष्ट माझ्या लहानपणी अशी होती, जिच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच राग नव्हता.



रविवारी आम्ही कोलशेतला गेलो. खाडीकाठचा तो बंगला कुणा इंग्रज अधिकाऱ्याचा होता म्हणे. आता तिथे वाइन पाजतात. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, छताला ओढायचा कापडी पंखा, पण तो ओढायला आता मोटर. ओहोटी होती. खाडीवरून चिखलाचा आणि कसल्याशा रसायनाचा वास येत होता. तो मारायला त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत लेमनग्रासच्या मेणबत्त्या लावल्या होत्या. दोन्ही वास एकमेकांत मिसळून सार्वजनिक संडासात अत्तर ओतावं तसं झालं होतं.

वाइन समजावून सांगणारी मुलगी काळ्या सुटात होती. ग्लास फिरवा म्हणाली, फिरवले. नाक आत घाला म्हणाली, घातलं.

"हिच्यात वेट अर्थची नोट आहे," ती म्हणाली. "ओली माती. आणि थोडं रायपन झालेलं फ्रूट."

"कब्रस्तानची वाइन," शिरीष म्हणाला. कालचा विनोद अजून चालू होता. लोक हसले.

मग एक स्टीलची बादली फिरवली गेली. वाइन गिळायची नसते, चव घेऊन त्यात थुंकायची असते. बादली माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यात नऊदहा अनोळखी माणसांची जांभळी थुंकी होती, वर फेस, एका बाजूला लिपस्टिकची तार. मी तोंडातला घोट गिळून टाकला. मधुरा थुंकली आणि टिश्यूने ओठ टिपत म्हणाली, "किती सिव्हिलाइज्ड वाटतं ना गं?"

त्यानंतर चीज आलं. पांढऱ्या दगडी पाट्यांवर मांडलेलं, दर टेबलाला एक. शेजारी द्राक्षं, बिस्किटं, मधाची वाटी. मी एक तुकडा खाल्ला. मऊ, आंबूस, साल बुरशीची. पुढचा शिरीषला हवा होता म्हणून मी ती पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि माझी बोटं खालच्या बाजूला खाचांत गेली.

बोटांना आधी कळलं. तर्जनी आपोआप खाचेतून फिरली. उभी रेघ, आडवी रेघ, वळण.

मी चीज टेबलावर ढकललं आणि पाटी उलटी केली.

'इन्फंट डॉटर ऑफ'. एवढंच पूर्ण होतं. त्याच्या वर जिथे नाव असायला हवं तिथे करवत फिरली होती, कडा गोल घासून गुळगुळीत केलेली. खाली एक आकडा अर्धा. अक्षरांच्या पोटात पिवळट, वाळलेलं चीज भरलेलं होतं.

तो माझाच दगड होता असं मी म्हणणार नाही. अशी मुलं त्या काळी बरीच मेली असतील. तो नव्हता असंही मला म्हणता येत नाही.

मी अकरा वर्षांची होते त्या पावसाळ्यात मागची भिंत पडली. पाऊस उघडला आणि काही दिवसांनी आमच्या मागच्या नळाखाली एक पांढरा दगड आला. आधी तिथे ओबडधोबड फरशी होती, पाय घसरायचा. हा दगड छान होता, सपाट, पालथा घातलेला. आई त्यावर कपडे धुवायची. माझा शाळेचा निळा स्कर्ट मी त्यावरच घासायचे. एकदा साबण निसटून दगडाच्या फटीत गेला. तो काढायला मी खाली बोटं घातली आणि ती खाचांत गेली. मी हात बाहेर काढला. साबण तिथेच राहू दिला. घरात कुणाला काही विचारलं नाही.

नोव्हेंबर तोंडावर आला तशी मावशी बादली घेऊन आली. आम्ही आत गेलो. बरेच दगड गेले होते, इडीच्याही जागी विटांचा चौकोन होता.

मावशीने गवतात शोधलं, भिंतीच्या पडलेल्या दगडांत शोधलं. मग ती माझ्याकडे वळली.

"बाय, तू बघितला का गो? कोणी नेताना?"

"नाही मावशी," मी म्हटलं. "नाही बघितला."

ती हात धुवायला आमच्या मागच्या नळावर आली. नेहमीच यायची. त्या दिवशी ती नळापाशी उभी राहिली आणि खाली बघत राहिली. पांढऱ्या दगडावर साबणाचं पाणी होतं, त्यात आईची निळीची पुडी पडली होती. मावशीने बाजूला, चिखलात पाय ठेवले. वाकून, हात लांब करून नळ सोडला, हात धुतले, फ्रॉकला पुसले आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. त्या नाताळला आम्हाला कुणी बोलावलं नाही. उन्हाळ्यात गार्डसाहेबांची बदली झाली आणि ती दोघं गेली. तिच्या रिकाम्या खोलीत बरेच दिवस तो गोड कुजका वास होता. मग तोही गेला.

हे सगळं मी त्या व्हरांड्यात कुणाला सांगितलं नाही. मी फक्त दगड मधुरासमोर धरला. "वाच."

तिने वाचलं. तिचा हात तोंडाशी गेला, मग खाली आला. "अगं, डिझाइन असेल. मुद्दाम करतात हल्ली, अँटिक लूक."

"मधुरा, तू स्वतः धुतलेत हे दगड."

"आपण लहान होतो गं."

"भंगारातून आलं असेल," शिरीष म्हणाला. "इथे कुणाला माहीत असतं? लेट इट गो. सगळी मजा घालवू नकोस." आणि त्याने टेबलावरचा चीजचा तुकडा उचलून तोंडात टाकला. माझ्या डोळ्यांदेखत. त्याच्या मिशीला मध लागला होता.

मी दगड घेऊन मागे स्वयंपाकघरात गेले. तिथे सिंकपाशी कोलशेत गावातली एक बाई भांडी घासत होती. तिच्या शेजारी तसल्याच पाट्यांची चळत होती. मी हातातली तिला दाखवली. ती ओशाळली. तिला वाटलं, नीट घासली नाही म्हणून तक्रार आहे.

"आमी पालतीच ठेवतो ना, ताई," ती म्हणाली. "अक्षरांमदी चीज अडकतं. मंग सुईनं काढाया लागतं."

तेवढ्यात मॅनेजर आला. तरुण, अदबशीर. "मॅम, हे आमच्या व्हेंडरने दिलेत. ऑथेंटिक ओल्ड मार्बल आहे."

"हे लहान मुलीच्या थडग्यावरचं आहे."

त्याने दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दुसऱ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "मॅम, तुम्ही हा घेऊन जा. प्लीज. फक्त रिव्ह्यूमध्ये काही लिहू नका, व्हिडिओ टाकू नका."

मी हो म्हटलं. ती चळत तिथेच होती. मी एकही पाटी उलटून पाहिली नाही. मला एक मिळाला होता आणि मी गप्प राहायचं कबूल केलं होतं. त्या बाईने एक मोठा नॅपकिन दिला, त्यात मी तो गुंडाळला. हे लिहितानाही माझी मलाच शिसारी येते.

मधुराने गाडीतून आणून सोडलं. माजिवड्याच्या नाक्यावर मी उतरताना ती म्हणाली, "घरी नेऊन करणार काय आहेस त्याचं?" तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच प्रश्न होता. गाडी पुढे गेली आणि मी पुलाखाली तो दगड छातीशी धरून उभी राहिले. घर पाच मिनिटांवर होतं. पण माझ्या घरात तो मी कुठे ठेवणार होते? मी रिक्षा केली आणि डोंबिवलीला सांगितलं, माणकोलीच्या नव्या पुलावरून.

डोंबिवलीला माझा भाऊ राहतो आणि त्याच्याकडे बाबा. बाबांनी पंचाऐंशी ओलांडली. सिग्नल खात्यात होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनीने दार उघडलं. बाबा त्यांच्या खोलीत खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते, चहात बिस्किट बुडवत. माझे हात भरून आले होते. मी दगड त्यांच्या पायाशी जमिनीवर ठेवला आणि खुर्ची ओढली.

त्यांच्या पायांना सूज असते. नॅपकिनमधला तो सपाट गार दगड तळव्यांना लागला आणि त्यांनी दोन्ही पाय त्यावर ठेवले. "गार आहे," ते म्हणाले. "बरं वाटतं."

मी ते ठेवू दिले. का, मला ठाऊक नाही. थोड्या वेळाने विचारलं, "बाबा, कल्याणला आपल्या नळाखाली पांढरा दगड होता, आठवतो?"

"आठवतो की. चांगला होता. तुझ्या आईचे कपडे छान निघायचे."

"कुठून आणलेला?"

"गोऱ्यांच्यातून. भिंत पडली ना, तेव्हा. सगळ्या ओळीने आणले. कुणी मोरीला, कुणी देवघराखाली." भिजलेलं बिस्किट मोडून कपात पडलं. ते त्यांनी बोटाने काढलं आणि चाटलं. लगदा ओठाच्या कोपऱ्याला चिकटून राहिला. लहानपणी त्या बोटांनी मला भात भरवलाय. मला बघवेना.

"एल्सीमावशीला कळलं होतं, बाबा."

"हो. आली होती ना ती माझ्याकडे, शेडमध्ये. तू शाळेत असशील. म्हणाली, तेवढा दगड जागेवर ठेवा. मी म्हटलं, ठेवतो."

"मग?"

"मग राहून गेलं."

एवढंच. राहून गेलं. बाहेर वहिनीने कुकर लावला होता.

"तिने मला विचारलं होतं," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. म्हणाले, बघितला नाही."

"तेही सांगितलं तिने." बाबा आठवून आठवून बोलले. "म्हणाली, पोरीला ओरडू नका. ती घाबरलेली आहे. मोठ्यांनी आणलं, ती काय करणार. असं काहीतरी म्हणाली. मग मी काही ओरडलो नाही तुला."

चाळीस वर्षं मी समजत होते की ती माझ्यावर रागावून गेली. आणि ती माझ्यासाठी रदबदली करून गेली होती, माझ्या बापाकडे, ज्याने हो म्हटलं आणि काही केलं नाही. मला रडू येईल असं वाटलं. आली ती मळमळच. बाबांची आली, माझी आली, त्या वर्षी त्या दगडावर धुतलेल्या माझ्या प्रत्येक स्कर्टची आली.

तो दगड अजून डोंबिवलीलाच आहे. वहिनीने कुठल्याशा चर्चमध्ये फोन केलाय, शनिवारी कुणीतरी बघायला येणार आहे. कोलशेतच्या त्या चळतीबद्दल मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मधुराने ग्रुपवर फोटो टाकलेत, त्यांत मी हॅट घालून हसते आहे. पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं.

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्या पायाखाली काय आहे, बघा."

मी वाकून नॅपकिनचं टोक बाजूला केलं. त्यांनी उशीखालून चष्मा काढला, लावला. नोकरीतलं इंग्रजी त्यांना अजून येतं. एकेक अक्षर जुळवत वाचलं. "इन्फंट. डॉटर. ऑफ." मग वाट बघितली. "पुढे?"

"पुढे नाही, बाबा. कापलंय."

"नाव काय मुलीचं?"

"तेही कापलंय."

 बाबांनी कप बाजूला ठेवला, डावा पाय दोन्ही हातांनी धरला आणि जड वस्तू उचलावी तसा उचलून खाटेवर घेतला. थोडं थांबले, दम घेतला. मग उजवा.